साहेबाला मुलगा झाला

त्या पिक्चरचं नाव मी इथं सांगणार नाही. चांगल्या युद्धविरोधी चित्रपटांची यादी कुणीही काढली की त्यात तो असतोच. माझ्या कॉलेजातली पोरं तो मोबाइलवर बघतात आणि माझ्याशी वाद घालायला येतात. घालू देत. पण त्यांच्या तोंडून त्याचं नाव ऐकलं की मला अजून कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखं होतं. कारण इंदूरच्या एका मिलच्या हॉलमध्ये, हॉल भरून बसलेल्या कामगारांसमोर, मी त्या पिक्चरचा केसानं गळा कापला आहे. माईक हातात घेऊन, चांगल्या स्वच्छ हिंदीत. आणि ज्यांच्या सांगण्यावरून कापला, त्यांनी त्याच वेळी माझा आणि शेजारच्या काकांचाही कापला होता, हे मला तीन आठवड्यांनी कळलं.

आम्ही तेव्हा इंदूरच्या जुनी इंदूर मोहल्ल्यात राहत होतो. दोन बिऱ्हाडं आणि मध्ये एक सामाईक ओटा. एकीकडे बाबा, आई आणि मी. दुसरीकडे काका आणि काकू. नात्याचे कोणी नव्हेत, पण काका मला सायकलच्या दांड्यावर बसवून शाळेत सोडायचे तेव्हापासून ते काकाच. दोन्ही घरांची चूल एकाच मिलवर पेटायची. बाबा ऑफिसात टायपिस्ट होते, मॅनेजरसाहेबांच्या केबिनबाहेर त्यांचं टेबल. काका लूमखात्यात जॉबर होते, म्हणजे कापड विणणाऱ्या यंत्रांची एक अख्खी रांग आणि तिच्यावरची माणसं त्यांच्या देखरेखीखाली. लूमखात्यात एवढा खडखडाट की शेजारी कुणी बोंबलला तरी ऐकू येत नाही. तिथली माणसं ओठ बघून बोलणं ओळखतात. काका घरीसुद्धा कधी कधी आवाज न काढता नुसते ओठ हलवून चहा मागायचे आणि काकू ओरडायची, "अहो, तोंडातून आवाज काढा, मिलमध्ये नाही आहात तुम्ही!"

शहरातल्या एक-दोन मिलांना तोवर कुलपं लागली होती. नवं धोरण, खुला बाजार, असलं काहीबाही पेपरात रोज यायचं. जवळच पीथमपूरला मात्र नवे कारखाने निघत होते आणि तिथल्या एका कारखान्यात काकांच्या मेव्हण्यानं त्यांच्यासाठी शब्द टाकला होता. सुपरवायझरची जागा. पण वयाची अट होती आणि काका त्या अटीच्या अगदी काठावर होते. हो की नाही ते महिन्याभरात कळवायचं. मिलमधली वीस वर्षांची नोकरी सोडायची की नाही, या एका प्रश्नानं काकांची झोप उडाली होती. ते ओट्यावर बसून रोज बाबांना विचारायचे. ऑफिसातला माणूस, साहेबाच्या दाराशी बसणारा. त्याला नाही तर कुणाला विचारणार?

मी तेव्हा इंग्रजीत एम.ए. करत होते आणि एका छोट्या फिल्म सोसायटीत जात होते. पाच-सहा प्रोफेसर, दोन वकील, एक दातांचे डॉक्टर. रेल्वेनं पिक्चरचे डबे यायचे, सोबत संवादांचे टाईप केलेले इंग्रजी कागद. पडद्यावर इंग्रजी ओळी उमटायच्या, त्या वाचता वाचता डॉक्टर घोरायचे आणि नंतर चर्चेत सगळ्यात जास्त तेच बोलायचे. सोसायटीचे सेक्रेटरी एक वयस्कर प्रोफेसर होते. त्यांच्या मनात आलं की हे पिक्चर कामगारांनाही दाखवायचे. कामगार इंग्रजी ओळी वाचणार कसे? मग तोडगा निघाला: पडद्याशेजारी एक खुर्ची, लाल कागद गुंडाळलेला टेबललॅम्प, एक माईक, आणि पिक्चर चालू असताना सगळ्यांचे संवाद हिंदीतून बोलणारी मी. सैनिकही मीच, म्हातारीही मीच, सेनापतीही मीच. मला भारी मजा यायची, खोटं कशाला बोलू!

मिलच्या हॉलसाठी सेक्रेटरींनी हा युद्धाचा पिक्चर निवडला. मी संवादांचे कागद घरी आणले, वहीत एका बाजूला इंग्रजी आणि दुसऱ्या बाजूला हिंदी लिहून काढलं.

गोष्ट साधी आहे. बर्फात एक पूल. पुलाच्या या टोकाला एक तुकडी, पलीकडे शत्रू. तुकडीत एक तारवाला आहे, कानाला यंत्र लावून बसणारा, गोल चष्म्याचा, घाबरट. एका सकाळी त्याच्या यंत्रावर निरोप येतो: तह झाला, युद्ध संपलं, बंदुका खाली ठेवा. तो मेजरला एका वाक्यात वाचून दाखवतो. मेजर कागद घडी करून खिशात घालतो. त्याला पूल जिंकल्याशिवाय घरी जायचं नाही. तारवाल्याकडे तो नुसतं बघतो, धमकीही देत नाही. आणि तारवाला गप्प बसतो. पुढचे दोन दिवस पोरं मरत राहतात.

ते युद्ध संपल्याचं अख्ख्या पिक्चरमध्ये फक्त त्या एका वाक्यात सांगितलंय. कागदावरची अक्षरं दिग्दर्शक दाखवत नाही. नंतर कुणी त्याविषयी बोलत नाही. तो फक्त तारवाल्याचे हात दाखवत राहतो. पोरं सूप पिताहेत, तारवाल्याचा हात चमच्यावर. कुणीतरी बायकोला पत्र लिहितंय, तारवाल्याचा हात दारावर. बंदुकांचा आवाजसुद्धा हळूहळू कमी होत जातो आणि शेवटी माणसं पडतात तेव्हा आपल्याला फक्त त्याच्या यंत्राची टिकटिक ऐकू येते. शेवटी पलीकडचे सैनिक बंदुका टाकून, हसत, पाव हलवत पुलावरून येतात. त्यांच्या भाषेत ते काहीतरी ओरडतात, पण त्याचं भाषांतर दिग्दर्शकानं दिलेलं नाही. आपली पोरं गोळ्या घालतात. ते एक वाक्य तुम्हाला माहीत असेल तर त्या पुलावर तुमचा जीव जातो. माहीत नसेल तर तो नुसता विजय आहे.

शोच्या तीन दिवस आधी मी वही बाबांना वाचायला दिली. हौसेनंच दिली. बाबांची हिंदी टाईप करून करून घोटलेली, चुका काढतील म्हणून. त्यांनी ती लाल पेन्सिल घेऊन वाचली आणि तारेपाशी थांबले.

"हे कशाला?"

"काय कशाला?"

"युद्ध संपलंय, वरच्यांना ठाऊक आहे आणि खालच्यांना सांगितलं नाही. हे तू माईकवर बोलणार? मिलच्या हॉलमध्ये?"

"पिक्चर आहे, बाबा."

"हॉल मॅनेजमेंटचा आहे. परवानगी मी मागून आणलीय. आधीच गेटवर वातावरण तापलेलं. उद्या युनियनवाले हेच घेऊन ओरडत सुटले तर पहिली माझी नोकरी जाईल. तुझी परीक्षा आहे, तुझं लग्न आहे. बघ बुवा."

मी चिडले, पाय आपटले, वही ओढून घेतली. पण बाबा असं 'बघ बुवा' म्हणाले की माझं सगळं अवसान गळायचं. त्यांच्या आवाजात एवढी काळजी मी पहिल्यांदाच ऐकली होती. मला वाटलं, माझीच काळजी. शेवटी मीच म्हणाले, "मग काय लिहू?" त्यांनी माझं वाक्य खोडलं आणि वर बारीक अक्षरात लिहिलं, 'साहब, आपके घर बेटा हुआ है।'

मला हसू आलं. बापरे, काय सुचलं यांना, असं वाटलं! एकच तर ओळ. मी मान्य केलं. मान्य केलं, हे मी कुणावर ढकलणार नाही.

रविवारची सकाळ होती. हॉलमध्ये सतरंज्यांवर माणसं दाटीवाटीनं बसली होती, काही बायकामुलांसकट. बाबा पुढच्या खुर्चीवर, काका त्यांच्या मागे सतरंजीवर. पिक्चर सुरू झाला. तारवाल्यानं कानाला यंत्र लावलं, कागदावर लिहिलं, उठून उभा राहिला. आणि मी माईकवर खणखणीत बोलले, "साहब, आपके घर बेटा हुआ है."

हॉलमध्ये टाळ्या पडल्या. मागून कुणीतरी ओरडलं, "मिठाई खिलाओ, भिया!" सगळे हसले. पडद्यावर मेजरनं कागद खिशात ठेवला आणि तारवाल्याचे डोळे भरून आले, आणि लोक अजून हसत होते.

 मी काय करून बसले ते तिथं, त्या लाल दिव्यापाशी, मला समजायला लागलं. तारवाल्याचे हात पुन्हा पुन्हा पडद्यावर येत होते आणि कुणालाच त्यांचा अर्थ लागत नव्हता. लोक चुळबुळ करायला लागले. दोघं-तिघं बिडी प्यायला बाहेर गेले. आणि शेवटी पुलावर पाव हलवत माणसं आली, आपल्या पोरांनी त्यांना पाडलं, तेव्हा हॉलमध्ये परत टाळ्या पडल्या. शिट्ट्या पडल्या. आपली पार्टी जिंकली ना! जगभर लोक ज्या जागी रडतात त्या जागी माझ्यामुळे माझ्या शहरातली भली माणसं टाळ्या वाजवत होती. सेक्रेटरी माझ्याकडे आले, फक्त "का?" म्हणाले, आणि उत्तराची वाट न बघता गेले. त्यानंतर ते माझ्याशी कधी बोलले नाहीत.

बाहेर काका भेटले. "बेटा, एक सांग. साहेबाला मुलगा झाला, मग साहेब हसला का नाही? आणि तो चष्मेवाला सारखा तोंड लपवत का होता? आम्ही लूमखात्यातले, तोंडावरून ओळखतो. त्याच्या पोटात काहीतरी होतं."

बाबा शेजारीच उभे होते. मी त्यांच्याकडे बघितलं. ते चपला शोधत होते.

"विलायती लोक असेच असतात, काका," मी म्हणाले. "मनातल्या मनात हसतात."

"असं होय," काका म्हणाले आणि हसले. त्यांचा माझ्यावर विश्वास होता.

त्याच संध्याकाळी ओट्यावर काकांनी परत विषय काढला. पीथमपूरला दुसऱ्या दिवशी कळवायचं होतं. "शेवटचं विचारतो, साहेब. जाऊ की राहू? तुम्ही बोलाल तसं."

मी चहा घेऊन आले होते. बाबांनी कप घेतला, बशीत ओतला, फुंकर घातली. "कशाला जाता? वीस वर्षं झाली. मिल काय पळून चाललीय?"

आणि मी, जास्तीची शहाणी, म्हणाले, "नका जाऊ काका. काकू एकटी पडेल इथं."

काकांचा जीव भांड्यात पडला. ते उठून आत गेले आणि आम्हाला ऐकू येईल एवढ्या मोठ्यानं काकूला म्हणाले, "नाही जात, बस्स!" त्या दिवशी त्यांच्याकडे गोडाचा शिरा झाला, एक वाटी आमच्याकडेही आली. बाबांनी तो खाल्ला. मी शपथेवर सांगते, खाल्ला.

तीन आठवड्यांनी सकाळच्या पाळीची माणसं गेटवरच अडली. गेट बंद, आणि फाटकावर नोटीस. हिंदीत दोन ओळी, इंग्रजीत पान भरून. काका धावत घरी आले. "चल बेटा, वाचून सांग, काय लिहून राहिले ते." मी चपला न घालता त्यांच्यामागे पळाले. लोकांनी वाट दिली. "मास्टरनी आली, पिक्चरवाली," कुणीतरी म्हणालं.

मी वाचलं आणि एकेक वाक्य हिंदीतून सांगितलं. मिल कायमची बंद. तारीख वाचली तेव्हा गलका झाला, कारण नोटिशीवरची तारीख महिन्याभरापूर्वीची होती. कागद महिनाभर तयार होता आणि वरच्यांनी तो दाबून ठेवला होता. लोक मालकाच्या नावानं शिव्या घालायला लागले. आणि मी खाली डाव्या कोपऱ्यात बघितलं. ऑफिसच्या पत्रांत तिथं आधी साहेबाची आद्याक्षरं असतात, मग तिरकी रेघ आणि मग टायपिस्टची आद्याक्षरं, लहान अक्षरात. मी पहिलीत असताना बाबांनी मला मांडीवर बसवून ती दाखवली होती. "हे साहेब, आणि हा मी. जे पत्र मी टाईप केलं त्यावर मी असतोच बघ." तिथं तीन बारीक अक्षरं होती. बाबांची.

पायाखालची जमीन सरकणं म्हणजे काय ते मला त्या गेटवर कळलं. तारीख त्या रविवारच्या आधीची होती. लाल पेन्सिलीच्या आधीची, शिऱ्याच्या आधीची. माझ्या वहीतला तारवाला माझ्याच घरात रोज माझ्यासमोर जेवत होता, आणि पिक्चरमध्ये तो ओळखू येऊ नये म्हणून त्यानं माझंच तोंड वापरलं होतं.

काकांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "रडू नको. तुझ्या बाबांना पण अंधारात ठेवलं बघ हरामखोरांनी. एवढ्या जवळ बसून त्यांना कळू दिलं नाही."

मी मिठाची गुळणी धरली.

घरी बाबा खिडकीपाशी बसले होते. त्या दिवशी त्यांनी रजा काढली होती, तेही मला तेव्हाच लक्षात आलं.

"तुम्हाला ठाऊक होतं."

"हो."

"काकांना सांगायचं नव्हतं तर नका सांगू. पण जाऊ नका असं कशाला सांगितलंत?"

"जा म्हटलं असतं तर त्यानं का म्हणून विचारलं असतं. एक गेला की दहा जातात, मग सगळ्यांना कळतं. साहेबांनी मला शपथ घातली होती. माझं काम टाईप करायचं. बोलायचं नाही."

"बोललात की! बशीत चहा ओतून चांगले बोललात!"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. मी ती वही त्यांच्यासमोर आपटली. आई स्वयंपाकघरातून "शेजारी ऐकतील" म्हणाली. बाबांनी वही उचलून बाजूला ठेवली. मग म्हणाले, मिलची आवराआवर करायला ऑफिसात चार माणसं ठेवणार आहेत. त्यांत ते होते. पुढची नऊ वर्षं, निवृत्त होईपर्यंत, ते त्या बंद मिलमध्ये रोज डबा घेऊन गेले. मी त्यांच्याशी जेवढ्यास तेवढं बोलले. त्यांनी माझ्या लग्नात सगळं केलं, मी त्यांच्या आजारपणात सगळं केलं. पण ते 'बघ बुवा' त्यांनी मला परत कधी म्हटलं नाही, आणि मीही परत त्यांच्यापुढे कुठली वही ठेवली नाही.

काकांना पीथमपूरनं परत उभं केलं नाही. वय निघून गेलं होतं. त्यांनी काही वर्षं एका कापडाच्या दुकानात थानं उचलली, मग गुडघे गेले. बाबा वारले तेव्हा खांदा द्यायला सगळ्यात पुढे काका होते. लोकांना सांगत होते, "देवमाणूस. मला भावासारखं धरून ठेवलं." मी तेव्हाही गप्प बसले. तारवाल्याला मी कधी नावं ठेवली असतील तर ती त्या दिवशी परत घेतली.

नंतर मी इंदूरजवळच्या राऊ गावात एका कॉलेजात लागले आणि मीच शब्द टाकून काकांना तिथं गेटवर वॉचमन म्हणून लावलं. खाकी कपडे, टोपी, स्टूल. सकाळी मी आले की ते सलाम करायचे. "नमस्ते, मॅडम." मला कानकोंडं व्हायचं. पण आसपास कुणी नसलं की टोपी सरकवून हळूच म्हणायचे, "काय बेटा, डबा आणला का?" त्या एका 'बेटा'वर माझा दिवस जायचा.

गेल्या वर्षी मुलांच्या फिल्म क्लबानं तोच पिक्चर लावायचं ठरवलं. नवी झळाळती कॉपी आली होती. एक मुलगा म्हणाला, "मॅडम, हिंदी सबटायटल्स तुम्ही करून द्या." मी कपाटातून वही काढली. लाल रेघ अजून तशीच होती. रेघेखालचं माझं वाक्य नीट वाचता येत होतं. मी ते जसंच्या तसं टाईप केलं.

दुपारी शोच्या आधी मी गेटवर गेले. "काका, चला, एक पिक्चर दाखवते. पूर्वी बघितलाय तुम्ही." सांगायचं होतं, पण तोंडानं सांगायची हिंमत नव्हती. एवढ्या वर्षांनीही मी पडद्याआड लपत होते.

ते शेवटच्या रांगेत बसले, टोपी मांडीवर. मी पडद्याकडे बघितलंच नाही. तारवाला उठून उभा राहिला असणार, कारण काकांचे ओठ हलायला लागले. आवाज न काढता ते अक्षर अक्षर लावून खालची ओळ वाचत होते. युद्ध. समाप्त. हो. गया. है. मग ओठ थांबले. पुढचा सगळा पिक्चर ते तारवाल्याच्या हातांकडे बघत बसले. पुलावर ती माणसं पाव हलवत आली तेव्हा पोरं मुसमुसायला लागली. काका तसेच बसून होते.

दिवे लागले. मी जवळ गेले.

"त्या दिवशी तर मुलगा झाला होता," काका म्हणाले.

"वहीत हेच होतं, काका. बाबांनी खोडलं."

"का?"

"मिलच्या नोटिशीचा कागद त्याआधीच त्यांनी टाईप केला होता."

ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. लूमखात्यात बघत असतील तसे, नुसत्या ओठांकडे. "तुला कधी कळलं?"

"गेटवर. तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवला तेव्हा."

त्यांनी हिशेब केला असावा, किती वर्षं झाली त्याचा. "आणि मी टाळ्या वाजवल्या," ते म्हणाले. "दोन वेळा." मग टोपी घातली आणि ड्युटीवर गेले.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम लवकर निघाले. कॉलेजात अजून कुणी आलं नव्हतं, रस्ताही रिकामा होता. काका स्टुलावरून उठले, सलाम केला, फाटक उघडलं. मी थांबले. त्यांनी टोपी सरकवली नाही.

"नमस्ते, मॅडम," ते म्हणाले.